निरोपाच्या मशीनचा दसरा

आमच्या डेअरीच्या टेलिफोन खोलीत एक राखाडी रंगाचा लोखंडी डबा आहे, लहान तिजोरीएवढा. त्याचं खरं नाव त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेलं आहे, पण ते कुणी कधी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. आमच्याकडे सगळे त्याला निरोपाचं मशीन म्हणतात. ऑफिस बंद असताना फोन आला की ते उचलतं, माझ्या आवाजात नमस्कार करतं आणि समोरचा जे बोलेल ते ज्याच्या त्याच्या खात्यात साठवतं. दूध संकलनाचं खातं वेगळं, पशुखाद्याचं वेगळं, जनावरांच्या डॉक्टरांचं वेगळं. ज्या खात्यात निरोप येतो त्या टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लागतो. सकाळी माणूस येतो, दिवा बघतो, निरोप ऐकतो आणि कामाला लागतो.

मला घेतलं होतं ऑपरेटर म्हणून. मशीन आलं तेव्हा ते कुणाच्या तरी गळ्यात मारायचं होतं, आणि टेलिफोन खोलीत बसणारी मी एकटीच होते. मग नाशिकहून आलेल्या इंजिनिअरने दोन दिवस माझ्यासमोर ते उघडून, झाकून दाखवलं. मी तेव्हा कुरकुर केली. आता मात्र त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. घरचे म्हणतात, फ्रिजची एवढी काळजी घेतली असतीस तर तो दहा वर्षं जास्त टिकला असता. त्यात तथ्य आहे, पण फ्रिजमध्ये कुणाचा जीव अडकलेला नसतो.

हाताहातात मोबाईल असताना असलं मशीन कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. आमचे डॉक्टर पाळीने बदलतात. एकाचा नंबर गावात वाटला की त्याला धड जेवताही येत नाही, आणि तो रजेवर गेला तरी फोन त्यालाच. म्हणून सगळ्यांसाठी एकच नंबर. शिवाय ज्यांना मोबाईलवर लिहिता येत नाही त्यांना नुसतं बोलणं बरं पडतं. या मशीनमध्ये एकच मोठी उणीव आहे. फोन कुठल्या नंबरवरून आला ते दाखवायची त्यात सोय नाही. म्हणूनच माझ्या आवाजातल्या नमस्कारानंतर मी अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलेलं आहे, की आधी नाव सांगा, मग गाव सांगा, मग काम सांगा.

इतक्या वर्षांत या क्रमाने बोललेला माणूस मला आठवत नाही. आमच्याकडची माणसं मशीनवर सुरुवातच करतात, “मी बोलतोय.” पुढे विचारतात, “ओळखलं ना?” बायका माझ्या नमस्काराला नमस्कार करतात, नाव सांगा म्हटलं की “हां ताई, सांगते की” म्हणतात आणि न सांगता पुढे जातात. मग सगळी हकिकत गाईची. गाय कितव्या वेताची, चारा काय खाल्ला, कालपासून कशी उभी राहते, कुठल्या बाजूला मान टाकते. गाईची ओळख एकदा नीट करून दिली की स्वतःची वेगळी करून द्यावी असं त्यांना वाटतच नाही. मी आमच्या डॉक्टरांकडे याबद्दल कितीदा चिडचिड केली असेल. ते हसून सोडून द्यायचे.

इंजिनिअरने मला शिकवलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मशीन बंद कसं करायचं. याचं बटण एकदम कधीही बंद करायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. ताजे निरोप आधी त्याच्या कच्च्या आठवणीत असतात, मग सावकाश पक्क्या जागी उतरतात. मध्येच वीज तोडली तर कच्चं ते सगळं गेलं. म्हणून आधी बाहेरच्या लाइन दुसरीकडे वळवायच्या, म्हणजे नवीन फोन आत येत नाही. मग पडद्यावरून बंद व्हायचा हुकूम द्यायचा. मग हिरवा दिवा विझेपर्यंत स्वस्थ बसायचं, हात मांडीवर ठेवून. हिरवा विझला आणि नुसता पिवळा उरला की मगच वीज बंद करायची. बटणावर मी चिकटपट्टी मारून ठेवली होती, म्हणजे झाडणाऱ्या बाईचाही चुकून धक्का लागायला नको.

ही गोष्ट दोन-तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची. दसऱ्याला ऑफिस बंद असतं, पण गाई काही सुट्टी घेत नाहीत, म्हणून डेअरी चालू असते. पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला करतो. ती करतात आमचे स्टोअरकीपर. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांचा यंत्रांवर भारी जीव. पाना, पक्कड, वजनकाटा, टँकर, बॉयलर, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. पूजेच्या वेळी यंत्राला विश्रांती द्यायची असते असं त्यांचं म्हणणं, पण दुधाचे चिलर बंद ठेवता येत नाहीत आणि माझं मशीन मी बंद करू देत नाही, त्यामुळे या दोघांची पूजा ते चालू अवस्थेतच आणि जरा नाराजीने उरकतात. त्या वर्षी झेंडू अमाप आला होता. मी संध्याकाळी राहात्याला घरी जायच्या गाडीसाठी लवकर निघाले, तेव्हा मामा हातात ताट घेऊन टेलिफोन खोलीकडेच येत होते. पाणी शिंपडू नका एवढं त्यांना सांगितलं आणि निघून गेले.

दसऱ्याला सकाळी मी ऑफिसात यायची नव्हते. डेअरीच्या गावात, कोल्हारला, देवीच्या दर्शनाला आले होते, आणि रांग बघून म्हटलं, जरा उशिरा जाऊ, तोवर मशीनवर एक नजर टाकू. फाटकातून आत शिरते तोच डॉक्टर धावत समोर आले. सुट्टीच्या दिवशी त्यांची पाळी होती. त्यांच्या टेबलावरचा लाल दिवा लागलेला होता, आणि ते निरोप ऐकत असतानाच मशीन मुकं झालं होतं.

त्यांनी ऐकलेला तुकडा मला तसाच्या तसा म्हणून दाखवला. “डॉक्टर, मी बोलते. गाय सकाळपासनं आडली हाय. एक पाय दिसतोय, दुसरा न्हाई.” एवढंच. बाईचा आवाज. पुढे एक लांब चीं असा सूर, आणि मग काही नाही.

गाय अडणं म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वासराचा एक पाय बाहेर आणि दुसरा आत मुडपलेला असेल तर गाय कितीही कळा देवो, ते सुटत नाही. माहितगार माणसाने हात घालून तो पाय सरळ करावा लागतो. वेळेत केला तर दोन जीव वाचतात. नाही केला तर आधी वासरू जातं आणि मग गाय. आणि ही बाई कुठल्या गावची, कुठल्या वस्तीवरची, ते त्या मुक्या डब्यात होतं.

मी खोलीचं दार उघडलं. आतून गरम हवा तोंडावर आली, आणि तिच्यात झेंडूचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा मिसळलेला वास. मामांनी मशीनला माळ घातली होती. माळ कसली, मनगटाएवढा जाड हार, पुढून मागून चार वेढे देऊन. मशीनला श्वास घ्यायला दोन्ही बाजूंना ज्या फटी आहेत त्या नेमक्या त्याच्याखाली. आतल्या पंख्याने रात्रभर पाकळ्या ओढून घेतल्या होत्या. पंखा कण्हत होता. पडद्यावर तापमानाची सूचना लुकलुकत होती आणि कुठलीही कळ दाबली तरी मशीन दाद देत नव्हतं.

मामा माझ्या मागोमाग आले. वास घेतला आणि सरळ बटणाकडे हात नेला. आग लागेल म्हणाले, आधी वीज तोडा. मी त्यांचा हात धरला. वयाने मोठा माणूस, एरवी मी त्यांच्याशी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. मी म्हणाले, “मामा, नवरदेवाला मुंडावळ्या बांधतात, त्याचं नाक बांधत नाहीत.” त्यांनी हात सोडवून मागे घेतला. मला वाईट वाटलं, पण ते पुसून काढायला तेव्हा सवड नव्हती.

इंजिनिअरला फोन लावला. तो घरी पूजेला बसला होता, मागे घंटी वाजत होती. त्याने पहिला प्रश्न विचारला, वीज तोडली का? नाही म्हटल्यावर त्याने सोडलेला सुस्कारा मला इकडे ऐकू आला. त्याचं म्हणणं असं, की निरोप अजून कच्च्या आठवणीतच असणार. आत्ता वीज तोडली तर तो गेलाच. आणि मशीन असंच तापत राहिलं तर ते स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडेल, तेव्हाही तो गेलाच. म्हणजे उघडायचं नाही, तोडायचं नाही, पण गार करायचं. माळ काढा, खिडक्या उघडा, टेबलफॅन लावा, आणि ते पुन्हा हुकूम ऐकायला लागेपर्यंत थांबा.

मी आधी माझ्या ऑपरेटरच्या बोर्डावरून बाहेरच्या लाइन फाटकावरच्या फोनकडे वळवल्या. माळ काढली. मामांनी स्टोअरमधून दोन टेबलफॅन आणले, एक डावीकडून लावला, एक उजवीकडून. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट मशीनवर येत होतं, म्हणून त्यांनी पशुखाद्याची रिकामी पोती आणून खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागाला टांगली. मग ते दारात उभे राहिले. काढलेली माळ त्यांच्या हातातच होती, आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचत नव्हतं.

डॉक्टर व्हरांड्यात फेऱ्या घालत मोबाईलवर एकेका ओळखीच्या घरी फोन लावत होते. तुमच्याकडे गाय व्यायला झालीय का, अडलीय का. अर्धे लोक उचलत नव्हते, देवळात होते. उरलेले आधी दसऱ्याच्या शुभेच्छा देत होते, मग सोनं घ्यायला या म्हणत होते, आणि मग सांगत होते की आमच्या गाई मजेत आहेत. डॉक्टरांचा चेहरा घामाने आणि काळजीने भिजला होता. फाटकावरच्या फोनवर ती बाई परत बोलेल अशी आम्हाला आशा होती. वॉचमन तिथून हलला नाही. पण फोन आला नाही. आमच्याकडे एकदा निरोप दिला की माणूस निर्धास्त होतो, परत परत फोन करणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं झालं.

डॉक्टर एकदा आत आले आणि म्हणाले की आता बास, मी गाडी काढतो आणि वस्त्यांवरून फिरत विचारत जातो. मी विचारलं, नदीच्या अलीकडे की पलीकडे? ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्या घडीला मला त्या मशीनचा इतका राग आला, की बाहेर नेऊन आपटावंसं वाटलं. आणि त्याच वेळी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघत होते, ताप उतरतोय का.

उतरत होता. लोखंड हाताला सोसवेल इतपत आलं. मी कळ दाबली. काही नाही. पुन्हा थांबले, पुन्हा दाबली, आणि या वेळी पडद्यावर अक्षरं हलली. बंद व्हायचा हुकूम दिला. मशीनने तो घेतला.

हिरवा दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे आत निरोप पक्क्या जागी उतरत होते. मी खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले. आयुष्यात मी पुष्कळ वाट बघितली आहे, दवाखान्यात, परीक्षेच्या निकालाची, एसटीची तर रोजच. पण नुसत्या एका दिव्याच्या विझण्याची अशी वाट कधी बघितली नव्हती. मामा पुटपुटत होते. काय ते मी विचारलं नाही. इंजिनिअर मोबाईलच्या स्पीकरवर होताच. दिवा लुकलुकायचा थांबला, मला वाटलं झालं, तर परत लुकलुकायला लागला. डॉक्टर म्हणाले, ताई, ती गाय तिकडे... आणि वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

मग हिरवा विझला. पिवळा तेवढा राहिला. मी चिकटपट्टी नखाने सोडवली आणि बटण बंद केलं. खोलीतला तो कण्हण्याचा आवाज थांबला, आणि इतका वेळ तो केवढा मोठा होता ते तेव्हा कळलं.

आता उघडायला हरकत नव्हती. मामांनी विचारलं, कॉम्प्रेसरची हवा मारू का, टँकरच्या चाकांना मारतो ती. इंजिनिअर फोनवरून ओरडलाच, त्या हवेत पाणी असतं. मग मी रंगाचा कोरडा ब्रश घेऊन पाकळ्या झटकल्या. पंख्याच्या दांड्याभोवती माळेचा दोरा गुंडाळला गेला होता. माझ्या पर्समध्ये भुवया कोरायचा चिमटा होता, त्याने तो दोरा इंचाइंचाने ओढून काढला. आत अंधार होता, म्हणून मामांनी टॉर्च धरला. ते सारखे आत डोकावत होते, त्यामुळे उजेड सगळीकडे नाचत होता. शेवटी पंख्याला बोटाने टिचकी मारली तर तो सुळकन फिरला. तिघांच्याही तोंडून एकदमच हुश्श निघालं.

झाकण लावलं, वीज दिली. सुरू होताना मशीन आधी स्वतःला तपासून बघतं. आजारातून उठलेला माणूस अंथरुणावर बसल्या बसल्या आधी हातपाय चाचपतो, तसं. हिरवा दिवा लागला. डॉक्टरांनी धावत जाऊन आपल्या टेबलावरचा फोन उचलला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. त्यांचा लाल दिवा लागलेलाच होता. म्हणजे निरोप जागेवर होता.

“डॉक्टर, मी बोलते. गाय सकाळपासनं आडली हाय. एक पाय दिसतोय, दुसरा न्हाई.” इथपर्यंत आम्हाला ठाऊक होतं. पुढचं आम्ही तिघं कानात प्राण आणून ऐकलं. “मी येकटीच हाय. समदी देवीला गेल्यात. पानमोट फुटून लई वेळ झाला. ती वो, काष्टीच्या बाजारातनं आनलेली, शेपटीचा गोंडा पांढरा. तिनं लाथ हानून तुमचं घड्याळ फोडलं हुतं बघा. तीच. लवकर या.” आणि फोन ठेवल्याचा आवाज.

नाव नाही. गाव नाही. मी कपाळाला हात लावणार, तोच डॉक्टर खुर्चीवरून उठले होते. हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “तिला कसा विसरेन ताई. लग्नात मिळालेलं घड्याळ होतं.” एवढं म्हणून त्यांनी बॅग उचलली आणि गाडीला किक मारली. नदीपलीकडच्या वस्तीकडे गेले. मागे धुळीचा लोट तेवढा उरला.

पुढचा वेळ मी आणि मामांनी व्हरांड्यात बसून काढला. मी दर्शनाला गेले नाही. मामा म्हणाले की पुढच्या वर्षापासून माळ शेजारच्या खुंटीला अडकवीन, मशीनला नुसतं कुंकवाचं बोट. मी म्हटलं, कुंकूही कोरडं. ते हो म्हणाले. मघाशी मी बोलले त्याबद्दल ते रागावले नाहीत ना, असं मला विचारायचं होतं, पण त्यांनीच चहा करून आणला आणि तो विषय राहूनच गेला. चहात साखर जास्त पडली होती. आम्ही दोघांनी तो सबंध प्यायला.

दुपार कलायला लागली तेव्हा फोन आला. लाइन मी अजून आमच्याकडे वळवल्या नव्हत्या, त्यामुळे तो फाटकावरच वाजला आणि वॉचमनने हाक मारली. डॉक्टर होते. पाय सरळ केला, दोघांनी मिळून ओढलं, कालवड आहे, उठून उभी राहतेय, गाईने वारही टाकली. त्यांनी हे सगळं एका दमात सांगितलं. मी फाटकातच मटकन बसले, नव्या साडीसकट. इतकं बरं वाटलं, की तसं बरं वाटलेलं मला आठवत नाही. वळून मामांना खूण केली. त्यांनी दोन्ही हात जोडले, मला की देवीला की मशीनला ते मी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, यांना तुमच्याशी बोलायचंय. फोन तिच्या हातात गेला. मशीनमधले आवाज मी रोज ऐकते, पण त्यांतलं कुणी माझ्याशी बोलत नसतं. तोच आवाज होता, फक्त दमलेला आणि सैल झालेला. मागे गाय कालवडीला चाटताना घशातल्या घशात हुंकारत होती. तिने आधी मला नमस्कार केला. मग म्हणाली,

“गाय धीर सोडाया लागली हुती ताई. मी तिची मान मांडीवर घिऊन येकच सांगत हुते. निरोप पोचलाय, डॉक्टर निघाल्यात, जरा दम धर. लई वेळ सांगत हुते. तिनं ऐकलं माझं.”

मला दिसलं ते सगळं. ती तिकडे गोठ्यात हे सांगत होती तेव्हा इकडे तिचा निरोप तापलेल्या डब्यात होता, आणि आम्ही तिघं एका दिव्याकडे बघत बसलो होतो. ते तिला सांगावं असं वाटलं, आणि सांगू नये असंही वाटलं.

“हो,” मी म्हणाले, “पोचला होता.”